सारंगाची हुकूमत आणि खलाशाचा योगक्षेम

मुंबईत रीगल चित्रपटगृहासमोरच्या चौकात ज्या भव्य दगडी वास्तूत आज महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे, ती वास्तू मुळात दर्यावर्दी लोकांच्या निवाऱ्यासाठी बांधलेली आहे, हे तिच्यावरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. एडिंबरोचे ड्यूक हिंदुस्थानात आले असता १८७० साली तिची कोनशिला बसली, बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी तिच्यासाठी सढळ हाताने देणगी दिली, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी तिचा आराखडा केला; आणि १८७६ साली ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ या नावाने ती पुरी झाली. पुढे १९२८ पासून तीत मुंबई इलाख्याचे, आणि स्वातंत्र्यानंतर राज्याचे, विधिमंडळ भरू लागले. परंतु ज्या दर्यावर्दींसाठी हे प्रशस्त घर उभारले गेले ते युरोपीय होते. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग किंवा मालवण येथून मुंबईस येऊन त्याच गोदीतल्या त्याच आगबोटींवर चढणाऱ्या कोकणी खलाशाला त्या दरवाजाने आत जाण्याची सोय नव्हती. तो डोंगरी, मशीद बंदर किंवा माझगाव येथल्या एखाद्या चाळीतील गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकून नोकरीची वाट पाहत असे, आणि त्याच्या नोकरीची, अन्नाची, कर्जाची, आजाराची व घरी जाणाऱ्या पैशाची काळजी वाहणारा, अथवा ती वाहण्याच्या मिषाने त्याला नाडणारा, असा एकच पुरुष त्याच्या आयुष्यात होता. तो म्हणजे खलाशांचा म्होरक्या, सारंग.

या सारंगाच्या हुकमतीचा इतिहास म्हणजे कोकणच्या खलाशाच्या योगक्षेमाचा इतिहास होय. नावेवरील माणसाचे कल्याण केवळ धन्याच्या दयाबुद्धीने साधत नाही आणि केवळ कायद्याच्या कलमांनीही साधत नाही. ज्याच्या हाती माणसावरचा अधिकार आहे, त्यालाच त्या माणसाबद्दल कोठेतरी जाब द्यावा लागत असेल आणि त्या माणसाची त्याला जवळून ओळखही असेल, तरच ते साधते, ही गोष्ट या इतिहासातून जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

आगबोटी येण्यापूर्वीची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. शिवाजी महाराजांनी आरमार उभारले तेव्हा दर्या सारंग, मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्यासारखे सरदार त्यावर नेमले गेले, आणि त्यांच्या हाताखाली कोळी, भंडारी, गाबीत, खारवी व कोकणी मुसलमान अशा किनाऱ्यावरच्या जातिजमातींतील माणसे चाकरीस राहिली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमारावर जे विवेचन आले आहे, त्यात गलबतांच्या बांधणीइतकाच त्यांवरील लोकांच्या पोटापाण्याचा विचार केलेला आढळतो. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावर मिळणाऱ्या पैदास्तीवर त्याची नेमणूक करू नये, कारण तसे केल्यास सावकारांस उपद्रव होऊन व्यापार बुडतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. आरमाराच्या लाकडासाठी रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली आंब्या-फणसाची झाडे तिच्या इच्छेविरुद्ध तोडू नयेत, ही त्याच ग्रंथातील ताकीद सर्वांना परिचित आहे. परंतु तनख्याविषयीची ही आज्ञा मला तितकीच मोलाची वाटते. ज्या शिपायाचे पोट लुटीवर अवलंबून आहे त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे, आणि त्याच्या बेशिस्तीचा दोष त्याच्यापेक्षा त्याचा रोजमुरा न भागविणाऱ्या सरकारकडे अधिक जातो, हे राज्यकर्त्याने येथे मान्य केले आहे.

आरमार पुढे मोडले. कान्होजी आंग्रे यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १७५६ साली, विजयदुर्ग पडला आणि किनाऱ्यावरचे दर्यावर्दी बळ विखुरले. परंतु गलबते, मचवे आणि फत्तेमाऱ्या यांचा किनारी व्यापार चालूच राहिला, आणि त्यांवरील तांडेलाचे, म्हणजे गलबताच्या म्होरक्याचे, स्थान पूर्ववत राहिले. हा तांडेल आपली माणसे बहुधा आपल्याच गावातून, आपल्याच भावकीतून निवडी. सर्वांचा भात एकाच चुलीवर शिजे, नफ्यातोट्याचा हिशेब सर्वांसमक्ष होई, आणि पावसाळ्यापूर्वी गलबत शाकारल्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत तांडेल व खलाशी एकाच वाडीत शेजारी शेजारी राहत. एखादा तरुण वादळात गेला तर त्याच्या आईसमोर उभे राहण्याचा प्रसंग तांडेलावरच येई. त्याच्या अधिकारावर लिखित निर्बंध कोणताही नव्हता. तरी गावाच्या डोळ्यांचा निर्बंध होता, आणि तो पुष्कळ वेळा कागदी निर्बंधापेक्षा कठोर ठरे.

हा निर्बंध आगबोटींच्या काळात तुटला. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘पी अँड ओ’, या कंपनीने १८५४ साली मुंबई-सुवेझ मार्ग आपल्या हाती घेतला, आणि १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई हे पूर्वेकडील आगबोटींचे प्रमुख ठाणे झाले. या बोटींवर ‘लष्कर’ म्हणून ओळखले जाणारे हिंदी खलाशी मोठ्या संख्येने घेतले जाऊ लागले, ते इतके की १९१४ साली ब्रिटिश जहाजांवर त्यांची संख्या एकावन्न हजारांच्या वर गेली होती. मुंबईच्या बोटींवर त्यांची एक ठरावीक वाटणीच पडून गेली. डेकवर रत्नागिरी व गुजरातच्या किनाऱ्यावरचे लोक, भट्ट्यांपाशी पंजाबी व पठाण, आणि सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती बटलर व आचारी. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, सामानाच्या कोठीवरचा कसाब, स्वयंपाक करणारा भंडारी आणि झाडलोट करणारा टोपस. इंजिनाकडे वेगळा सारंग आणि त्याचे तेलवाले, आगवाले व कोयलावाले, अशी ही उतरंड होती.

कंपन्यांना हे लोक प्रिय होण्याचे कारण त्यांची निर्व्यसनी वृत्ती व आज्ञाधारकता हे आहे, असे त्या काळी वारंवार सांगितले जाई. परंतु हिशेबाच्या वह्यांतले कारण निराळे होते. हिंदी खलाशाचा मुशाहिरा युरोपीय खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा असे. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने खलाशामागे ७२ घनफूट जागा ठरविली आणि १९०६ साली ती १२० घनफुटांवर नेली, परंतु हिंदी कायद्याखाली भरती झालेल्या माणसाला ३६ घनफूट पुरेत असे मानले गेले. त्याही आधी, १८२३ च्या कायद्याने, तो ब्रिटिश प्रजाजन असूनही नौकानयनाच्या बाबतीत त्याला ब्रिटिश खलाशी न समजण्याची तजवीज करून ठेवली होती. उत्तर अटलांटिकच्या थंडीने त्याला न्यूमोनिया होई, आणि तांबड्या समुद्रात भट्टीपुढे कोळसा ओढताना उष्माघाताने माणसे कोसळत. उष्णतेने भान सुटून एखाद्याने समुद्रात उडी घेतल्याच्या घटनाही त्या काळच्या जहाजी दप्तरांत नमूद आहेत.

अशा स्थितीत खलाशी आणि जहाजाचा कप्तान यांच्यामध्ये सारंग उभा होता. सकाळी फटफटताच डेकवर पाण्याचे नळ सुटत, अनवाणी माणसांची रांग झाडू व घासणीचे दगड घेऊन पुढे सरके, आणि रांगेमागे निळ्या अंगरख्यावर तांबडा रुमाल बांधलेला, गळ्यातल्या साखळीला चांदीची शिट्टी अडकवलेला सारंग एक शब्दही न बोलता चाले. शिट्टीच्या लांब-आखूड स्वरांवर माणसे दोर ओढीत, थांबत आणि पुन्हा ओढीत. गोऱ्या अधिकाऱ्यांना लष्करी बोलीतील हुकमाचे शब्द येत असत. अशा शब्दांचा एक कोश टॉमस रोबक याने १८११ सालीच कलकत्त्यास छापला होता. परंतु हुकमाच्या शब्दांनी माणसाला कामाला लावता येते, त्याचे दुःख समजून घेता येत नाही. कोणाच्या छातीत कळ येते, कोणाच्या घरून चार महिने पत्र नाही, कोणत्या दोघांत गावाकडच्या जमिनीचे वैर आहे, कोणता पोरगा पहिल्याच सफरीत अन्न टाकून बसला आहे, हे कप्तानाला कधीच कळत नसे. ते सारंगाला कळे. चांगला सारंग आजाऱ्याचे काम दुसऱ्यांत वाटून देई, रमजानात पहाऱ्यांची वेळ फिरवून घेई, निरक्षराचे पत्र लिहवून घेई, आणि बंदरात उतरणाऱ्या तरुणावर वडिलांसारखी नजर ठेवी. दर्यावर मेलेल्याचा दफनविधी त्याच्याच देखरेखीखाली होई, आणि मृताची पेटी त्याच्या घरी पोचविण्याचे कामही तोच करी.

परंतु याच पुरुषाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. भरतीची सर्व सूत्रे त्याच्या आणि बंदरावरच्या दलालांच्या हाती होती. बोट लागायची झाली की सारंगाला दस्तुरी द्यावी लागे. जवळ पैसे नसतील तर ती कर्जाऊ मिळे, आणि कर्ज देणारा पुष्कळदा सारंग स्वतः किंवा त्याचा सोयरा असे. सफर संपून पगार हाती आला की त्याचा मोठा भाग तेथेच वळता होई. पुन्हा नोकरी हवी तर पुन्हा दस्तुरी, आणि दोन सफरींमधल्या महिन्यांत खोलीचे भाडे व खानावळीचा खर्च पुन्हा उसनवारीने. ज्या दाखल्यावर खलाशाची पूर्वीची नोकरी नमूद असे, त्याविना त्याला कोणी विचारीत नसे, आणि तो दाखलाही गहाण पडल्याची उदाहरणे होती. गावच्या गलबतावरील तांडेल जसा गावाला उत्तर देई, तसे उत्तर या सारंगाकडून घेणारे आता कोणी उरले नव्हते. कंपनीला कामाशी मतलब होता, कप्तानाला शांततेशी. आणि शांतता सारंग राखीत असल्यामुळे तो ती कोणत्या किमतीने राखतो याची चौकशी करण्याचे कोणास प्रयोजन वाटले नाही.

ज्या खलाशांना हा सारंगाचा आधारही नसे त्यांची दैना लंडनच्या रस्त्यांवर दिसे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी तेथे उतरलेले खलाशी परतीचे जहाज मिळेपर्यंत गोदीच्या वस्तीत कोंडल्यासारखे राहत, आणि त्यांच्यापैकी कित्येक हिवाळ्यात उपासमारीने मरत. १८१४-१५ साली पार्लमेंटच्या समितीने त्यांच्या राहणीची चौकशी केली. पुढे १८५६ साली प्रिन्स आल्बर्ट यांच्या हस्ते लाइमहाउस भागात एका आश्रयगृहाची कोनशिला बसली, आणि १८५७ च्या जूनमध्ये ‘स्ट्रेंजर्स होम फॉर एशियाटिक्स, आफ्रिकन्स अँड साउथ सी आयलंडर्स’ हे गृह उघडले. महाराजा दुलीपसिंग यांनी त्यास देणगी दिली होती. जोसेफ साल्टर या मिशनऱ्याने तेथील अनुभव १८७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. या गृहाने अनेकांचे प्राण वाचविले हे खरेच. तथापि तेथे खलाशाला आश्रय मिळे तो परका म्हणून. ज्यांच्या बोटी तो चालवीत होता त्यांच्यावर त्याचा काही हक्क आहे, ही कल्पना अजून कोणाच्या मनात रुजली नव्हती.

खलाशांनी स्वतःच्या बळावर जो आधार उभा केला, त्याचा गौरवाने उल्लेख केला पाहिजे. मुंबईत धोबी तलावापासून माझगावापर्यंत गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’, म्हणजे गाववाल्यांचे सामाईक निवारे, उभे राहिले. अशा कुडात शिरले की भिंतीला लागून ओळीने ठेवलेल्या लोखंडी पेट्या दिसत, प्रत्येक पेटीवर मालकाचे नाव रंगवलेले. पेटीचा धनी जगाच्या पाठीवर कोठे का असेना, पेटी तेथे निर्धास्त राही. एका कोनाड्यात ग्रामदैवताच्या जागी असलेल्या संताची मूर्ती, तिच्यापुढे दिवा, आणि संध्याकाळी सर्वांनी गुडघे टेकून म्हणायची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. वर्गणी अल्प, नियम कडक. प्रार्थनेला गैरहजर राहणाऱ्यास दंड आणि दारू पिऊन दंगा करणाऱ्यास बाहेरचा रस्ता. रत्नागिरीकडच्या मुसलमान खलाशांच्या जमातीच्या खोल्या आणि हिंदू खलाशांच्या गाववाल्यांच्या खोल्या याच धर्तीवर चालत. बेकार खलाशाला तेथे पथारीपुरती जागा, ओळखीची भाषा आणि गावचा माणूस मिळे. गावाच्या डोळ्यांचा जो निर्बंध आगबोटीने तोडला होता, तो या खोल्यांनी मुंबईच्या चाळीत काही अंशी पुन्हा जोडला. १८९६ साली मुंबईत स्थापन झालेल्या गोवेकर खलाशांच्या क्लबापर्यंत आजच्या राष्ट्रीय खलाशी संघटनेची परंपरा मागे नेली जाते, त्यात म्हणूनच औचित्य आहे.

नेतृत्वाच्या अभावी काय होते याचा कठोर पुरावा १९२२ साली मिळाला. पी अँड ओ कंपनीची ‘ईजिप्त’ ही बोट १९ मे रोजी टिलबरीहून मुंबईस निघाली. बोटीवर प्रवासी चव्वेचाळीस होते, आणि खलाशी व नोकरवर्ग मिळून सुमारे तीनशे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रान्सच्या किनाऱ्यानजीक उशांत बेटाजवळ दाट धुक्यात ‘सेन’ नावाच्या फ्रेंच मालवाहू बोटीची तिला धडक बसली, आणि वीस मिनिटांच्या आत ती बुडाली. शहाऐंशी माणसे दगावली. लगोलग विलायतेच्या वृत्तपत्रांतून ओरड उठली की हिंदी खलाशांनी गोंधळ केला, बोटींवर झडप घातली, प्रवाशांना वाऱ्यावर सोडले. परंतु दगावलेल्या शहाऐंशींपैकी प्रवासी होते पंधरा आणि बोटीवरचे चाकरलोक होते एकाहत्तर, ही गोष्ट त्या ओरडीत मागे पडली. पुढे चौकशी झाली तेव्हा ठपका बोट चालविणाऱ्यांवरच आला. जीवरक्षक बोटींची कवायत व शिस्त नीट ठेवली गेली नव्हती. कप्तानाचे प्रमाणपत्र सहा महिने निलंबित झाले आणि मुख्य अधिकाऱ्यास कडक शब्दांत दोष देण्यात आला.

या प्रकरणाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. ज्याला कोणती जीवरक्षक बोट आपली, तिच्या कोणत्या दोराशी आपण उभे राहायचे, हे कधी शिकविलेच नाही, त्याने धुक्यात, तिरप्या झालेल्या डेकवर ते आपोआप जाणावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. भय हे सर्व जातींना सारखेच असते. त्याला आवरण्याची सवय मात्र शांत दिवसांत लावावी लागते, आणि ती लावणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. रोजच्या कामासाठी सारंगाच्या शिट्टीवर निर्धास्तपणे विसंबून राहिलेल्या अधिकाऱ्यांना संकटाच्या घटकेस आपल्या माणसांशी बोलण्याचे साधनच नव्हते, कारण त्यापूर्वी ते त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते.

त्याच १९२२ साली ए. जी. क्लो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने खलाशांच्या भरतीची चौकशी करून दलाली मोडण्यासाठी सरकारी नोंदणीकचेरी असावी अशी शिफारस केली. त्याआधी १९२० मध्ये जिनोआ येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने खलाशाला नोकरी मिळवून देण्यासाठी पैसे घेण्यास मनाई करणारा करार संमत केला होता. तरीही क्लो समितीची शिफारस पुढे तीस वर्षे दप्तरात पडून राहिली. मधल्या काळात जे काही झाले ते खलाशांच्या संघटनांनी आणि त्यांच्या कैवाऱ्यांनी केले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी हिंदी मजुरांची बाजू विधिमंडळात आणि जिनिव्हात सातत्याने मांडली. त्यांच्याच भारत सेवक समाजाचे, आणि कन्नड कवी म्हणून पुढे कीर्तिमान झालेले, दिनकर देसाई यांनी १९४० साली हिंदुस्थानातील दर्यावरच्या मजुरांवर आधाराचा ग्रंथ सिद्ध केला. आणि मुंबईच्या संघटनेचे नेतृत्व मोहमद इब्राहिम सारंग यांच्यासारख्या, नावातच पेशा वागविणाऱ्या पुढाऱ्यांकडे आले. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटताच ब्रिटनपासून दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियापर्यंतच्या बंदरांत हिंदी खलाशांनी काम थांबविले. शेकडो तुरुंगात गेले, परंतु युद्धाच्या जोखमीचे मोल त्यांच्याही पगारात धरले गेले पाहिजे हे तत्त्व त्यांनी पदरात पाडून घेतले.

ते मोल किती भयंकर होते हे मशीद बंदरानजीकच्या इंडियन सेलर्स होममध्ये गेल्यावर समजते. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांच्या स्मरणार्थ हे घर १९३१ साली उभे राहिले. युरोपीय खलाशांना आपले घर मिळाल्यावर हिंदी खलाशाला ते मिळण्यास पंचावन्न वर्षे आणि एक महायुद्ध लागले. दुसऱ्या महायुद्धात प्राण गेलेल्या हिंदी नौदलाच्या व व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक माणसांची स्मृती मुंबई व चितगाव येथील स्मारकांत नोंदलेली आहे. या स्मारकांना तोफांची सलामी क्वचितच मिळते. ज्यांची ती आहेत ती माणसे शिपाई म्हणवली गेली नाहीत, आणि तरीही पाणतिरांच्या तोंडी त्यांनी अन्न व दारूगोळा पोचविला.

युद्ध संपल्यावर सहा महिन्यांतच, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशशिक्षण केंद्रातील नाविकांनी निकृष्ट अन्नावरून आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अपशब्दांवरून काम बंद केले. पाहता पाहता उठाव अठ्ठ्याहत्तर जहाजे व वीस किनारी तळ यांवर पसरला, आणि सुमारे वीस हजार नाविक त्यात सामील झाले. या उठावाचा राजकीय आशय थोर आहे आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु नंतरच्या चौकशीत अन्न, वेतनातील भेद, सेवामुक्तीची दिरंगाई आणि अधिकाऱ्यांची नालायकी ही जी कारणे पुढे आली, ती आज्ञापत्राच्या कर्त्याला नवी वाटली नसती. नाविकांनी आपली तक्रार प्रथम रीतसर मांडली होती. ती ऐकून घेणारा अधिकारी वेळीच मिळाला असता तर स्वातंत्र्याची आकांक्षा विझली नसती, पण ताटातल्या डाळीसाठी माणसांना बंड करावे लागले नसते.

या सुमारास एक मोठे परिवर्तन आधीच सुरू झाले होते. १९१९ साली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी सिंदिया कंपनी स्थापून ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून विलायतेस रवाना केली. आणि १९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे शिक्षणजहाज सुरू होऊन हिंदी तरुणांना व्यापारी जहाजावरील अधिकारपदाचा मार्ग प्रथमच मोकळा झाला. आता कप्तान व खलाशी यांच्यामधील भाषेची भिंत पडू लागली. १९५४ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात खलाशांच्या नोकरीची सरकारी कचेरी उघडून पाळीपाळीने काम देण्याची पद्धत आली. १९५८ चा व्यापारी नौकानयन कायदा आणि १९६६ चा खलाशी भविष्यनिर्वाह निधी कायदा यांनी जुन्या सारंगाचे एकेक काम संस्थांच्या स्वाधीन केले. भरती कचेरीकडे, बचत निधीकडे, औषधोपचार कायद्याकडे, तक्रार संघटनेकडे. दस्तुरीचा आणि कर्जाचा फास यामुळे सैल झाला, ही निःसंशय विसाव्या शतकातील मोठी कमाई आहे, आणि जुन्या सारंगाची आठवण हळवेपणाने काढणाऱ्यांनी तो फास विसरता कामा नये.

तथापि सारंगाकडचे एक काम कोणत्याच कचेरीकडे गेले नाही. आपल्या माणसाला ओळखण्याचे काम ते. आजच्या विशाल जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात, तीही तीन-चार देशांची. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे, आणि त्या खोलीचे दार बंद झाले की आत काय चालले आहे हे कोणास कळत नाही. जहाज बंदरात काही तासच थांबते. पाय मोकळे करण्यासही सवड मिळत नाही. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ साली अंमलात आला आणि भारताने तो २०१५ साली स्वीकारला. चोवीस तासांत किमान दहा तास व आठवड्यात सत्याहत्तर तास विश्रांती त्याने हक्काची केली, आणि अलीकडच्या दुरुस्तीने घरच्यांशी संपर्क साधण्याची सोयही. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु विश्रांतीच्या तासांची नोंदवही वास्तवाशी जुळते की नाही, हे पाहणारी नजर शेवटी जहाजावरच्या अधिकाऱ्याची असते. २०२० च्या महामारीत जगभर सुमारे चार लाख दर्यावर्दी मुदत संपल्यावरही जहाजांवर अडकून पडले. त्यांचा माल प्रत्येक देशाने बिनदिक्कत उतरवून घेतला आणि माणसांना मात्र उतरू दिले नाही, तेव्हा अशा माणसांच्या मनाचा तोल राखण्याचे काम कोणत्याही करारापेक्षा त्यांच्या कप्तानांना, बोसनांना, म्हणजे डेकवरच्या मुकादमांना, आणि मेसमध्ये एकत्र जेवायला बसण्याच्या त्यांच्या आग्रहालाच करावे लागले.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष मी निःसंकोचपणे मांडतो. तांडेलाजवळ ओळखही होती आणि गावापुढचा जाबही होता. म्हणून गरिबीतही त्याच्या गलबतावर माणूस माणसासारखा राहिला. सारंगाजवळ ओळख उरली पण जाब सुटला, तेव्हा त्याचे वात्सल्य आणि त्याची सावकारी एकाच देहात नांदू लागली. कप्तानाजवळ जाब होता पण ओळख नव्हती, तेव्हा ‘ईजिप्त’ बुडाली. आपल्या नौकानयन संस्थांनी जाबाची बाजू आज पुष्कळ अंशी पक्की केली आहे. ओळखीची बाजू मात्र त्यांनी अभ्यासक्रमातील एका तासावर सोडून दिली आहे. ज्या तरुणाला उद्या जहाजाचा कारभार सोपवायचा, त्याने आपल्या हाताखालच्या प्रत्येक माणसाचे गाव, घर, दुखणे आणि हिंमत यांची माहिती ठेवणे हे त्याच्या सौजन्यावर न सोडता, होकायंत्र वाचण्याइतकेच त्याचे अनिवार्य कर्तव्य मानले गेले पाहिजे, आणि त्याच्या बढतीचा विचार करताना त्याच्या हाताखालच्या माणसांची साक्षही घेतली गेली पाहिजे. कोकणातल्या घरोघरी आजही मुलगे बोटीवर जातात. त्यांच्या आईबापांना आपल्या मुलाची जबाबदारी नेमकी कोणाकडे आहे, हे एका माणसाच्या नावानिशी सांगता येईल अशी व्यवस्था करणे हे देशाचे कर्तव्य आहे.